बोटभर जागा

शुक्रवार, १२ डिसेंबर

डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भरलाय. तीन फुलपाखरं, एक मोरपीस, एक चंद्रकोर. जीवन म्हणाला, "जत्रेला निघालीस की जत्रा भरवतेस?" नवऱ्याला काय कळतंय यातलं!

परीक्षा चालू आहे. एक टॅटू तसाच चिकटवला, एक स्पिरिटने कातडी पुसून, एकावर पावडर मारली, एकावर पावडर आणि मेकअपचा स्प्रे दोन्ही. मग मुद्दाम भांडी घासली, वाडीत पडलेल्या झावळ्या ओढल्या, घाम काढला. दुपारी निकाल – न पुसता लावलेला सोलून गेला. स्पिरिट, मग ओलं फडकं तीस आकडे मोजेपर्यंत दाबून, वाळवून पावडर, वर स्प्रे – हा टिकला. काजळाचंही तसंच. आधी पावडर, मग काजळ, मग पुन्हा पावडर.

उद्या-परवा समुद्रावर गाण्यांचा फेस्टिवल. मुंबई-पुण्याची पोरं येणार. नागावात पार्लरं चार, पण तिथे टेबल एकच, आणि ते माझं. थोरली जाऊ कमळताई आळीभर सांगत सुटली आहे, "आमच्या नूतनच्या हाताला गुण हाय." मी गप्प बस म्हटलं तिला. पण खरं सांगायचं तर आवडलं.

शनिवार, १३ डिसेंबर

काय तोंड घेऊन लिहू.

अकरापर्यंत सगळं छान. रांग लागली होती. पण या मुली अंगभर सनस्क्रीन थापून येतात. मी पुसून काढलं, टॅटू बसवला, की पलीकडे जाऊन पुन्हा थापतात. मग पाण्यात, मग वाळूत, मग उन्हात नाचायला. तेलकट काही लागलं की हा रंग सुटणारच. हे मला माहीत होतं आणि तरी मी 'दिवसभर टिकणारे' असा बोर्ड लावला होता.

तीनला पहिली परत आली. दंडावर अर्धं फुलपाखरू. भांडली नाही, हसत होती. "आंटी, ये तो उड गया." मग दुसरी – डोळ्यांवरची चमकी हनुवटीपर्यंत ओघळलेली, काजळ गालावर. मैत्रीण तिचा व्हिडिओ काढत होती. तिने माझा बोर्डही त्यात घेतला. मी बोर्ड पालथा घातला.

आयोजकांकडची मुलगी येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, उद्या जरा बघा ना. लोक हसतायत." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आणि नेमकी तेव्हाच प्रणाली आली. कमळताईची मुलगी, अलिबागला कॉलेजात आहे. सोबत दोन मैत्रिणी. "ही माझी काकी," असं मोठ्याने म्हणाली, तेवढ्यात आणखी एक जण आपली सोललेली चंद्रकोर घेऊन उभी. प्रणालीचा चेहरा उतरला. मैत्रिणींना भेळ खायला घेऊन गेली. मागे वळून बघितलंही नाही.

मी अंगाखांद्यावर खेळवलेली पोर. तिला माझी लाज वाटली. उद्या काहीही होवो, हे पुन्हा होऊ देणार नाही.

रविवार, १४ डिसेंबर

जमलं! एकही परत आली नाही.

कसं जमलं तेही लिहिते, इथे तरी. पार्लरच्या कोर्सला असताना आमच्या बाईंनी बजावलं होतं – काळा डाय डोक्याच्या केसांना, तोही आधी कानामागे लावून बघून. मेंदीत कालवून कातडीला कधीच नाही. "हात जोडते, कधीच नाही." मी कुठल्या बाकावर बसले होते तेसुद्धा आठवतंय. पण लग्नसराईत बाहेरून येणारे मेंदीवाले सर्रास घालतात. कुणाला काही झालेलं मी तरी पाहिलं नाही. सकाळी वाटीत मेंदी भिजवली आणि वर डायची अर्धी पुडी ओतली. अर्ध्या तासात कोळशासारखी काळी उमटते. सनस्क्रीन नाही, घाम नाही, समुद्र नाही – कशाने हलत नाही.

"मेंदीच आहे," असं प्रत्येकीला सांगितलं. अकरा जणी.

अकरावी प्रणाली. "काकी, मला दंडाला बाजूबंद. सगळ्यांत मोठा." माझा हात क्षणभर थांबला. मैत्रिणी बघत उभ्या होत्या. काल त्यांच्यासमोर तिची मान खाली गेली होती. मी कोन उचलला. वेलीचा बाजूबंद, दंडाला पुरा वळसा. शेवटाला कोन संपला आणि आतल्या बाजूला बोटभर जागा तशीच राहिली. "राहू दे, आतलं कोण बघतंय," म्हणाली, आणि मोबाईल घेऊन सगळ्यांचे फोटो काढत फिरली – टेबलाचे, माझे, रांगेचे.

संध्याकाळी हात वर करून नाचताना दिसली. काळाभोर बाजूबंद लांबूनही दिसत होता. अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू.

सोमवार, १५ डिसेंबर

दुपारपर्यंत झोपले. किती दिवसांनी.

बुधवार, १७ डिसेंबर

प्रणालीचा दंड खाजतोय. लाल झालाय. कमळताई म्हणाली, "पाण्यात काय लागलं असंल." मी म्हटलं, "जेलीफिश असेल. या दिवसांत असतात."

मला कुणी विचारलंही नव्हतं.

गुरुवार, १८ डिसेंबर

पुळ्या आल्यात. पाण्याने भरलेल्या, रांगेने. वेल जिथून गेली तिथूनच. पान कुठे काढलं, कळी कुठे काढली, मला ओळखू येत होतं.

कमळताईने शेजारच्या आळीतल्या चंद्राबाईंना बोलावलं. पुळ्यांची रांग उठली की इथे अजून त्यांनाच बोलावतात. त्यांनी दंड फिरवून बघितला. "नागीण हाय."

कमळताई म्हणाली, "पण मेंदी काढली व्हती तिथंच कशी?"

"मेंदीनं कुणाला कवा काय झालंय? मेंदी थंड असते. नागिणीला वाट गावली, ती चालली."

कमळताई माझ्याकडे वळली. "मेंदीच व्हती ना गं?"

"मेंदीच."

चंद्राबाईंनी गेरू उगाळून लेप दिला. मीठ बंद. उन्हात जायचं नाही. मग उठताना ते बोलल्या, जे इथे लहान पोराला पण माहीत असतं – नागिणीचं तोंड आणि शेपूट भिडू द्यायचं नाही, भिडली की माणूस वाचत नाही. त्या गेल्यावर कमळताईने दंडाच्या आतल्या बाजूला आपलं बोट ठेवून बघितलं. दोन टोकांमध्ये बरोब्बर बोटभर जागा. माझा कोन संपला ती.

शुक्रवार, १९ डिसेंबर

उरलेली पुडी सुपारीच्या बुंध्याशी पुरली. मग उकरून काढून पाणी तापवायच्या चुलीत घातली.

नीट विचार केला. ही नागीण नाही, हे मला माहीत आहे. तिथे मेंदीच नाही, तर टोकं भिडणार कशी? आठ-दहा दिवसांत सुकेल. श्रेय चंद्राबाईंना जाईल, जाऊ दे. मी बोलले तर काय होईल? फेब्रुवारी ते मे नऊ नवऱ्या माझ्याकडे ठरल्यात. सगळ्यांच्या आया कमळताईच्या ओळखीच्या. तिनेच तर सांगितलं त्यांना, हाताला गुण आहे म्हणून.

तेव्हा बोलायचं नाही असं ठरवलं.

शनिवार, २० डिसेंबर

कमळताईनेही मीठ सोडलं. "पोरगी अळणी खाते, मी कशी खाऊ?" भावजी उरणला ट्रेलरवर असतात, आठवड्याने येतात. त्यांना कळवलेलं नाही, गाडी चालवताना डोक्यात नको म्हणून. म्हणजे ती एकटीच हे घेऊन बसली आहे. आणि मी समोरच्या दारात राहते.

रोज सकाळी ती दोऱ्याने ती जागा मोजते आणि दोरा देवापुढे ठेवते. आज मला हाक मारली. "माजा हात थरथरतो. तू धर."

मी एक टोक धरलं. प्रणाली दंडाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी दोऱ्याकडे बघितलं. कालच्यापेक्षा आखूड होता. कमळताई म्हणाली, मोजण्यात चूक झाली असंल. मी हो म्हटलं.

काय बाई आहे मी.

रविवार, २१ डिसेंबर

अनोळखी नंबरवरून तीनदा फोन. उचलला नाही. मग मेसेज – "आप नागाव की मेहंदीवाली आंटी हो ना? मेरे हाथ पर" – एवढंच वाचलं आणि मोबाईल पालथा ठेवला. त्या शनिवारी बोर्ड घातला होता तसाच.

सोमवार, २२ डिसेंबर

भिडली.

सकाळी कमळताईची हाक आली नाही म्हणून मीच गेले. दंड सुजून टम्म. पुळ्या वेलीच्या बाहेर पसरलेल्या, आतली जागा भरून गेलेली. प्रणालीला कणकण होती. कमळताई पडवीत भिंतीला टेकून बसली होती, हातात दोरा. रडत नव्हती. म्हणाली, "मोजायला काय उरलं न्हाय."

मला वाटलं होतं तिथे काही येणारच नाही. डाय लागला तिथेच त्रास होईल असं मीच ठरवून टाकलं होतं. मला काय कळत होतं? चंद्राबाईंपेक्षा मी शहाणी, असं मनात म्हणत होते.

कमळताई म्हणाली, "नूतन, ह्यांना फोन कर. मला बोलवायचं न्हाय. काय सांगू त्यांना?"

मी मोबाईल हातात घेतला. प्रणाली गोधडीतून म्हणाली, "काकी, तूच सांग ना."

आणि मी सांगितलं. फोन केला नाही, कमळताईसमोर खाली बसले आणि सांगितलं. नागीण नाही. मी मेंदीत केसांचा डाय घातला होता. मला माहीत होतं घालायचा नसतो. बुधवारपासून माहीत होतं हे त्याचंच आहे. नीट जुळवून बोलता आलं नाही, तीन-तीनदा तेच सांगितलं.

मला वाटलं ती मारेल. तिने विचारलं, "नागीण न्हाय?"

"नाही."

"खरं?"

"खरं."

"पोरीच्या गळ्याची शपथ?"

मी प्रणालीच्या गळ्याला हात लावला. कमळताईने तोंडावर पदर घेतला आणि ढसाढसा रडली. नऊ नवऱ्यांचा हिशेब करत मी या बाईला चार दिवस मरणाच्या भीतीत ठेवलं होतं. हे मी कुठे जाऊन धुवू.

रिक्षाने अलिबागला गेलो. डॉक्टरांनी गेरू पुसला, एकदा बघितलं आणि म्हणाले, "काळी मेंदी?" कमळताईच्या आधी मीच हो म्हटलं. गोळ्या, मलम. जीवाला धोका नाही, पण उशीर केलात म्हणाले. डाग राहील. आणि डोक्याला काळा डाय तिने पुढे कधीच लावायचा नाही, जन्मभर.

घरी आल्यावर कमळताईने दाराशी उभं राहून एवढंच म्हटलं, "मी तुला इचारलं व्हतं." आणि कडी लावली.

मंगळवार, २३ डिसेंबर

आळीत कळलं. चंद्राबाई वाटेत भेटल्या. "मी नागीण म्हटलं खरं, पण तवा तू बी मेंदीच म्हणालीस," म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं. दोन नवऱ्या गेल्या. उरलेल्या सात मीच फोन करून सोडल्या, त्या आया कमळताईकडे जाऊन विचारण्याआधी.

कमळताईकडे आमटी पाठवली. पातेलं तसंच परत आलं, झाकणासकट.

त्या नंबरला फोन केला. ठाण्याची मुलगी. खरं ते सांगितलं, डॉक्टरकडे काय म्हणायचं ते सांगितलं. पाच मिनिटं शिव्या ऐकल्या. मग तिनेच आणखी दोघींचे नंबर दिले. आयोजकांकडच्या मुलीला सगळं लिहून पाठवलं, बाकीच्यांपर्यंत पोचव म्हणून. नावासकट. सात जणी अजून राहिल्यात.

बुधवार, २४ डिसेंबर

सहा.

ताप उतरला असं जीवनकडून कळलं. त्याला आत घेतात, मला नाही.

गुरुवार, २५ डिसेंबर

प्रणालीने मोबाईलवर फोटो पाठवला. चौदा तारखेचा, माझ्या टेबलाचा. मी कोन भरतेय, समोर मेंदीची वाटी, आणि वाटीच्या मागे फाडलेली डायची पुडी. मोठा करून बघितला तर पुडीवरचं नाव वाचता येतंय.

खाली तिने लिहिलंय, "काकी, हा आता डिलीट केला."