हिवाळ्यात भादरलेलं तट्टू

उस्ताद, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तुमच्या तबेल्याच्या जागी आता गाड्या धुतात. मी फुलंब्री रोडला शेड घेऊन मुलांना घोड्यावर बसायला शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. दोन घोड्या आहेत आणि एक तट्टू. तट्टू पहाडातलं, अस्वलासारखं केसाळ. बदली होऊन गेलेल्या एका कुटुंबानं ते माझ्या हवाली केलं. बुटकं आणि गरीब, म्हणून घाबरट मुलांना मी त्याच्यावरच बसवते. या हिवाळ्यात ते माझ्या हातून जवळजवळ गेलं होतं.

दिवाळीनंतर त्याचे केस इतके दाट झाले की बोटं आत शिरेनात. आपल्याकडचा हिवाळा तुम्हाला माहीतच आहे, पहाटे हुडहुडी आणि दुपारी ऊन. दुपारच्या फेऱ्यांत तट्टू घामानं चिंब व्हायचं आणि तो घाम सकाळपर्यंत केसांच्या आत तसाच मुरायचा. आधी ते खांबाला पाठ घासायला लागलं. मग एक दिवस खरारा करताना केसांचा झुपकाच हातात आला. मुळाशी पिवळी खपली, आणि पाठीवर त्या जागी ओलं गुलाबी मांस. मी तो झुपका परत जागेवर दाबला, उस्ताद. जणू चिकटणार होता.

केस काढायला हवेत हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझ्या कानात तुम्ही बसला होता. "थंडीत जनावराच्या बालांना कैची नाय लावायची, बेटा. उपरवाल्यानं दिलेला कोट हाय त्यो." म्हणून मी वरूनच कडुनिंबाचं तेल चोळत राहिले, आणि आतली ओल आणखी कोंडली. तुमचा दुसरा धडाही आठवत होता. मी सतरा वर्षांची असताना दमून आलेल्या घोडीवर, ती घामानं ओली असतानाच, झूल टाकली होती. तुम्ही ओरडला नाहीत. माझा हात धरून झुलीखाली घातलात आणि म्हणालात, "ठेव आतच. बघ तिला कसं वाटतंय." बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत मी तशीच उभी होते, आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात. ओली कातडी सडते हे तुम्हीच शिकवलं होतं. दोन्ही धडे तुमचेच, आणि मी त्यातला सोपा तेवढा पाळत होते.

एका मुलीच्या आईनं तट्टूची पाठ पाहिली आणि मुलीला खाली उतरवून घेऊन गेली. त्या आठवड्यात अकरापैकी सात मुलं यायची थांबली. मग मी डॉक्टरांना बोलावलं. तरुण बाई आहेत, कमी बोलतात. त्यांनी केस दोन्ही हातांनी बाजूला सारले आणि बराच वेळ तशाच बघत राहिल्या.

"केस काढल्याशिवाय औषध कातडीला लागणारच नाही," त्या म्हणाल्या.

"थंडीत?"

"थंडीतच. मग झूल घालायची. नाही काढले तर हे सडेल."

"माझे उस्ताद म्हणायचे..."

"त्यांचे घोडे इथलेच असतील, बारीक केसांचे. त्यांच्यासाठी ते बरोबरच होतं."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी केस भादरायचं मशीन लावलं. पातं तापलं की मनगटाला लावून बघायचं, थांबायचं, पुन्हा सुरू. तट्टू थरथरत होतं, पण हललं नाही. खाली केसांचा ढीग आणि वर हे केवढंसं जनावर. बरगड्या दिसत होत्या. पाठीवर, पोटाखाली, मागच्या मांड्यांवर नुसत्या खपल्या. मी मशीन बंद केलं आणि भिंतीकडे तोंड करून रडले, तट्टूला दिसू नये म्हणून.

औषधानं धुवायचं, पूर्ण वाळवायचं, आत सुती कापड, वर घोंगडीची झूल. दुपारी झूल काढायची, आतलं कापड रोज उकळत्या पाण्यातून. झुली आईनं शिवल्या. "माणसाच्या लेकराला बी इतकी कापडं नसतात," ती म्हणाली, आणि आणखी दोन शिवल्या.

चौथ्या सकाळी गेले तर तट्टू आडवं पडलेलं. पट्टा सैल राहिला होता, झूल सरकून पोटाखाली गोळा झाली होती, आणि उघडी पाठ रात्रभर गारठ्यात. कान थंडगार. मी माझी शाल, गोणपाटं, सापडेल ते त्याच्यावर टाकलं आणि हातांनी पाय चोळत बसले. डॉक्टरांना फोनवर नको ते बोलले. तुम्हालाही बोलले, उस्ताद. त्यांचं ऐकलं म्हणून मेलं, तुमचं ऐकलं म्हणून सडलं, आता मी कुणाचं ऐकू, असं काहीतरी. आई कोमट पाण्यात कोंडा कालवून घेऊन आली आणि बोटानं त्याच्या ओठांना लावत राहिली. "घे रं बाबा. लई छळलं तुला, घे." किती तरी वेळ काहीच नाही. उन्हं शेडमध्ये आली तेव्हा त्याची जीभ हलली. दुपारी ते उठलं. आधी पुढचे पाय, मग बऱ्याच वेळानं मागचे.

आता खपल्या गळल्यात. नवे केस मखमलीसारखे येतायत, फक्त डाव्या मांडीवर तळहाताएवढं टक्कल राहिलं आहे. तिथं बहुतेक येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. चार मुलं येतात. पट्टे मी आता तीनदा बघते.

हे पत्र टाकायचं तरी कुठं, म्हणून राहील माझ्याकडेच. एक मात्र सांगते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कधीपासून आहे हे?" मी म्हणाले, आठ दिवस. तीन आठवडे होऊन गेले होते. त्यांना अजून आठच माहीत आहेत.