काठीवर नसलेले सदतीस

मंगळवार, संध्याकाळ. कुंभवली, खोलीवर.

नव्या साहेबाला इंजिनियर कुणी केलं देव जाणे. बॉयलरच्या टाकीतलं तेल आम्ही काठीने मोजतो. काठीला खडू फासायचा, बुडवायची, ओल कुठवर चढली ते बघायचं. काठीवर सेंटीमीटरपेक्षा बारीक रेघच नाही. मी रजिस्टरात १४२ लिहिलं.

"पुढचे दोन आकडे कुठायत? १४२.३७ लिही."

"साहेब, काठीवर दिसत नाहीत."

"सातवी नापास ना तू? तपासणीला बारीक आकडा बरा दिसतो. लिही आणि सही कर, नाहीतर उद्या गेटवरूनच परत जा."

खडूवर ओल बोटभर पसरते, आणि हा शहाणा केसाएवढं मोजतो! तेही खुर्चीत बसून. टाकीवर कधी चढलाय का? सदतीसच का, अडतीस का नाही? त्याला तरी ठाऊक आहे का? ह्याच्यापेक्षा ती काठी बरी, जेवढं दिसतं तेवढंच सांगते.

वाटभर शिव्या घालत आलो. जेवताना नखात खडू दिसला आणि घास ताटात ठेवला. रजिस्टरात अक्षर माझं, सही माझी. आणि तो सात मी किती नीट काढला!