ते चार ठोके

आसगाव, मंगळवार संध्याकाळ

नागपूरला शिकणाऱ्या पुतणीनं आज फोनवर एक विलायती सिंफनी पाठवली. "काका, तुमचे ते चार ठोके यातलेच आहेत. पूर्ण ऐकजा. अर्ध्यात बंद नोका करू."

वीस वर्षं झाली, झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. खलनायक आला की तेच चार ठोके. गुरुजींनी शिकवले. ते दोनशे वर्षांपूर्वीच्या कुण्या जर्मन माणसाचे, हे त्यांना तरी कुठे ठाऊक असणार?

सिंफनी लावली. चार ठोके पडले आणि चुलीपासून माय म्हणाली, "कोनाले मारून राहिला गा तो?"

पुढे फार हळुवार भाग आला. माय हात पुसत येऊन बसली, डोळे मिटून ऐकू लागली. वाटलं, पोचलं. मग तिनं विचारलं, "मंग? मारलं का नाही अजून?"

तिच्यावर काय रागवायचं? इथपासून दिघोरीपर्यंत सगळ्यांना त्या चार ठोक्यांचा हाच अर्थ मीच शिकवला. आता तो पुसू कसा? आणि खरं लिहायचं तर त्या हळुवार भागात मी तरी कुठे ऐकत होतो? माझी नजर दाराकडे होती, विंगेकडे असते तशी. खलनायक अजून आला कसा नाही, म्हणून.