उपाध्यांच्या वहीतली शेवटची ओळ

आष्टा, मार्गशीर्ष, सन १९४३

चिरंजीव नाथाजीस आजी अंबूबाईचा आशीर्वाद.

मी सांगतीया, तुझी बहीण शेवंता लिहितीया. तू भूमिगत झालास, तवा हे पत्र धाडायचं तरी कुठं?

तुझ्या आज्याचं शराध घालायला मी नाशकाला गेले. आष्ट्यापासनं एक माणूस मागं लागला. धोतर यात्रेकरूचं, पण पायांत पोलिशी बूट! बाकी सोंग लय झ्याक.

घाटावर उपाध्यांनी आपल्या घराण्याची वही उघडली. आपल्यातला जो येतो, त्याचं नाव, सोबती अन् पुढचा मुक्काम तिथं लिहून घेतात. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ते हसले. "अहो आजी, तुमच्या घरचं तर परवाच कुणी..."

बूटवाला पुढं वाकला. मी हातातलं ओलं लुगडं त्या ओळीवरच पिळलं अन् वर खसाखसा पुसलं. शाईचा नुसता चिखल झाला.

"म्हातारे, काय केलंस हे!" उपाध्ये ओरडले.

"कोण आलं होतं परवा?" बूटवाल्यानं विचारलं.

उपाध्यांनी त्याचे बूट बघितले, मग माझ्या हातातलं शाईनं माखलेलं लुगडं. वही मिटून म्हणाले, "रोज शंभर यजमान येतात. कुणाकुणाचं नाव ध्यानात ठेवू?"

घरी तुला अंघोळीला काठीनं हाकलावं लागायचं, अन् तिथं जाऊन नाव लिहून आलास, शहाण्या! जन्मात एकदाच अक्षराला हात लावला रं मी, अन् ते तुझं पुसलं.

हे मला वाचून दाखवलं की शेवंता चुलीत घालील. इथनं पुढं कुठल्या तीर्थाला गेलास, तर नुसती बुडी मार. नाव माझ्या ध्यानात हाय.

तुझी वाट बघणारी,
आजी