बुडबुडा मधातच होता

रविवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. गाडीच्या दारांवर लावायची काळी बीडिंगची पट्टी मागवली होती. मागे चिकटपट्टी, काम पंधरा मिनिटांचं. पण बाबा आपली जुनी लेव्हल, ती बुडबुड्याची पाणसळ, घेऊन आले. जन्मभर मिस्त्रीकाम केलेला माणूस, त्यांना नाही कोण म्हणणार?

"अंदाजानं नाई लावाची. बुडबुडा मधात आला की मंगच चिकटवाची."

मला पट्टी तिरपी दिसत होती. तसं म्हटलंही. तर म्हणे, "डोया खोटं बोलते, लेव्हल नाई."

मग मी का ऐकलं? दोन्ही बाजू चिकटवल्या, बुक्क्या मारून दाबल्या. गाडी रस्त्यावर काढली, तर पट्टी मागून पुढे चढत गेलेली. सुनीता म्हणाली, "गाडी घाट चढून राह्यली जनू!" हसू आवरेना तिला. उद्या हीच गाडी घेऊन तिच्या माहेरी शेलूबाजारला जायचंय, ते नाही आठवलं तिला.

बाबांनी गाडी परत अंगणात घ्यायला लावली. लेव्हल टेकवली. बुडबुडा मधात.

"पाह्य. पट्टी सरळ हाये. तुही गाडीच वाकडी हाये."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंगणाला नालीकडे उतार आहे, आणि गाडी त्या उतारावर नाक खाली करून उभी! बोलू की नको? बोललोच.

"बाबा, अंगणाले उतार हाये. तुमीच काढला ना तो."

बाबांनी नालीकडे नजर टाकली. लेव्हल पुसली, पिशवीत ठेवली.

"पन उतार कसा काढला होता, सांग. आजवर पान्याचा एक थेंब थांबला काय?"