"घरीच राह्यते"

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी फॉर्म भरताना पेन अडलं की मी अजून मनातल्या मनात तुम्हालाच विचारते. आज विचारायचं नाही, सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

माझी पहिलीच सरकारी पाहणी, नांदुऱ्याजवळच्या गावात. कोण काय काम करतं ते घरोघर विचारून लिहायचं, एवढंच मला ठाऊक. एका ओसरीवर म्हाताऱ्या सासऱ्यांनी चहा दिला. सुनेचं विचारलं तर म्हणाले, "ते काही करत नाही, घरीच राह्यते." मी "घरकाम" लिहून मोकळी झाले आणि संध्याकाळच्या आत सगळी घरं उरकली म्हणून ऐटीत तुमच्यापुढे आले. तुम्ही मला उलट पावली त्याच घरी नेलंत आणि पाणी मागितलंत. सून तांब्या घेऊन आली. तिच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे होते. तुम्ही एवढंच विचारलंत, "पोरी, काल दुपारी कुठं होती वं?"

"वावरात. कापूस येचाले."

"आन् परवा?"

"परवाबी."

सासरे मध्येच म्हणाले, "ते का काम हाये?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

बाहेर आल्यावर तुम्ही भर रस्त्यात माझ्यावर डाफरलात. "दिल्लीवाल्यायले सुनेची नाडी पाह्याची हाये, आन् तू सासऱ्याचा हात देऊन राह्यली! काऊन?" मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर तुमचा रागही आला. तरुण बायकांपैकी किती जणी कमावतात यावरून देशाची तब्येत ओळखतात, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ती तब्येत माझ्या घाईनं चुकीची लिहिली जाते, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून "काम करतेस का" असं मी एकाही मुलीला विचारलेलं नाही. काल दुपारी कुठं होतीस, तेच विचारते.

आता मी तुमच्या पर्यवेक्षकाच्या जागेवर आहे, पण कंत्राटावर. यंदा जळगाव जामोदकडच्या एका गावाला माणूस मिळेना, म्हणून मीच गेले; घरं दाखवायला पोलीस पाटील सोबत होते. घराघरात "घरीच राह्यते" ऐकलं आणि घराघरात आत जाऊन बसले. कुणी निंदायला जाते, कुणी तालुक्याला कापडाच्या दुकानात, कुणी घरीच साड्यांना फॉल-पिको करते. सगळ्या लिहिल्या. ऑफिसातून तक्ते परत आले. आजूबाजूच्या गावांपेक्षा काम करणाऱ्या बायकांचा आकडा फार वर जातो, म्हणे. साहेबांचा फोन आला, "मॅडम, थोडं बघून घ्या ना." थोडं बघून घेणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. माझं कंत्राट याच महिन्यात संपतं, तेही दोघांना ठाऊक होतं.

मी पुन्हा गेले. प्रत्येक दार, प्रत्येक दुपार नव्यानं विचारली. तक्त्यावर लिहिलं, "पुन्हा तपासले. बदल नाही." आणि सही केली. साहेबांनी मला कामावर ठेवायचं तर ठेवावं, नाहीतर नको. त्या मुलींची एकही ओळ मी खोडणार नाही.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून पुढचं लिहिते. पहिल्या फेरीत एक मुलगी माझ्यामागे एसटीच्या थांब्यापर्यंत पळत आली होती. "मॅडम, मी रोज दुसऱ्याच्या वावरात जातो, पण लिहू नका. सोयरीक चालू हाये. त्यायले सांगतलं, पोरगी घरीच राह्यते म्हणून." मी म्हटलं, हे कागद गावात कुणालाच दिसत नाहीत. ती म्हणाली, "पोलीस पाटील तुमच्यासंगच फिरून राह्यले ना?"

तिच्या देखत मी "घरकाम" लिहिलं, आणि दुसऱ्या फेरीतही ते तसंच ठेवलं.

ऑफिसला माझा आकडा जास्त वाटतो, सर. तो एकानं कमी आहे.