पार्जिटर फाउंड्रीचं प्रकरण

लंडन, ४ मार्च १९६८

ती. हेस्टरताईस,
क्लेमंटचा सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे पोचले. डावा जरा मोठा झालाय, पण माझा डावा पायही तसाच आहे, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक!

आमच्या थॉर्नबरो समूहाला यंदा सत्तर वर्षं होताहेत. अध्यक्षांना इतिहासाचा जाडजूड ग्रंथ हवाय आणि तो लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वीस वर्षं दप्तरखान्यातली धूळ खाल्ल्याचं बक्षीस! सुरुवात एका दोरखंडाच्या कारखान्यापासून. मग पंप, जहाजांची इंजिनं, रंग, बिस्किटांचे डबे, असं एकेक गिळत आज एकतीस कंपन्या झाल्यात. दिवसभर जुने कागद वाचतो आणि डोळे मिटले, की ती सगळी नावं कालव्यातल्या पडावांसारखी धुक्यातून सरकत जातात, आवाज न करता.

नववं प्रकरण आपल्या नेदरटनच्या पार्जिटर फाउंड्रीचं. कागदांत फक्त ती विकत घेतल्याची तारीख आहे. माणसं तुझ्याकडून हवीत. वडील तिथे भट्टीवर होते, तू अजून साच्यांच्या लाकडी नमुन्यांच्या कोठारात आहेस. सवडीने लिही.

तुझी माया अशीच राहू दे.
क्लेमंट

नेदरटन, १२ मार्च

चि. क्लेमंट यास,
अ. उ. आ.

माणसं हवीत म्हणतोस, तर घे. म्हाताऱ्या पार्जिटरसाहेबांनी पहिली भट्टी पेटवली असं तुमच्या कागदांत असेल, तर खोडून टाक. त्या दिवशी साहेब दाढदुखीने अंथरुणात होते. पेटवली ती बाईसाहेबांनी, स्वयंपाकघरातल्या काडेपेटीने. हे मला जेबेझ डंकलीने सांगितलं. त्याच्या आजाने स्वतः पाहिलं होतं. जेबेझ आता साचेकामाचा मुख्य आहे आणि मला विचारत होता, की लंडनला गेलेला तुझा भाऊ अजून चहा बशीत ओतून भुरकतो का.

माझं कोठार कसं लिहिशील? सकाळी वरच्या खिडकीतून ऊन येतं, तेव्हा छताला टांगलेली लाकडी चाकं, पंपांची पोटं, दिव्यांचे खांब सगळे झोपेत असल्यासारखे हलतात. खाली वितळलेलं बीड ओतलं जातं आणि वर लाकडाला ऊब येते. कधी कधी वाटतं, बाहेरचं जग म्हणजे यांनाच पडलेलं स्वप्न आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी हेस्टरताई

लंडन, २९ एप्रिल

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

सोबत नवव्या प्रकरणाची छापखान्यातून आलेली कच्ची प्रत. काडेपेटी काही ठेवू दिली नाही त्यांनी. ताई, घाई करू नकोस. शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाच.

क्लेमंट

नेदरटन, ३ मे

चि. क्लेमंट यास,
अ. उ. आ.

वाचलं. 'पार्जिटर फाउंड्रीने ऑक्टोबर १९६८ पर्यंत समूहाची निष्ठेने सेवा केली.'

बाळा, आज मे महिन्याची तीन तारीख आहे. आज सकाळी मी कामावर गेले. भट्टी धडधडत होती, जेबेझ कोणाच्या तरी सात पिढ्या उद्धरत होता. आणि मी त्या सगळ्यांकडे, मेलेल्या माणसांकडे पाहावं तशी पाहत उभी राहिले. दोनशे साठ माणसं, आणि आपण संपलोय हे एकालाही माहीत नाही.

हे तू चुकून पाठवलंस की जाणून? जेबेझला दाखवलं, तर तुझी नोकरी जाईल. न दाखवलं, तर मला त्या दारातून आत जाता येणार नाही. तू सांगशील तसं करीन.

तुझी ताई

लंडन, ५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जाणून पाठवलं. ते वाक्य माझं नाही. वरून टंकलिखित आलं. ग्रंथ नाताळात निघणार, तोवर शिळा वाटू नये म्हणून. फाउंड्री बंद होणार हे तुम्हाला मात्र सप्टेंबरच्या अखेरीस कळवणार होते. चार साहेबांनी ती प्रत वाचली. एकाने स्वल्पविराम बदलला.

जेबेझला दाखव. विचारलंच, तर माझं नाव सांग.

क्लेमंट

नेदरटन, २४ नोव्हेंबर

चि. क्लेमंट यास,
अ. उ. आ.

तुला काढून टाकल्याचं तू चार ओळींत उरकलंस, म्हणून मीही रडगाणं गात नाही. शाळेच्या ग्रंथालयातली नवी नोकरी मानवली, हे वाचून बरं वाटलं.

फाउंड्री वाचली नाही. पण पाच महिने हाती आल्यामुळे युनियनने आसपासचे सगळे कारखाने पालथे घातले. दोनशे जणांना भट्टी विझण्याआधी काम मिळालं. शिकाऊ पोरांचं शिक्षण दुसरीकडे पुरं होतंय. बाकीचे साठ घरी आहेत, त्यांत जेबेझ आणि मी. काल जेबेझ म्हणाला, की तुझ्या भावाला सांग, नेदरटनमध्ये त्याला चहाचे पैसे कधी द्यावे लागणार नाहीत.

एक गोष्ट कोणाला बोलले नाही, तुलाच सांगते. आज सकाळी चहा घेऊन खिडकीशी उभी होते. समोरच्या फाउंड्रीचा धूर नव्हता आणि दूर क्लेंटच्या टेकड्या दिसत होत्या, निळ्या, पाण्यावर तरंगत असल्यासारख्या. त्रेपन्न वर्षं या घरात काढली, पण त्या इथून दिसतात हे मला माहीतच नव्हतं. किती सुंदर होत्या रे! आणि सुंदर वाटल्याची मला इतकी लाज वाटली, की मी पडदा ओढून घेतला.

तू रविवारी ये. पडदा तू उघड. मी मागे उभी राहीन.

तुझी
हेस्टरताई